लंगोट, कव्हर आणि बोरिंगचं पाणी : सुदामा नगरातल्या नोंदी

५ एप्रिल

आधी जागेची माहिती, कारण पुढच्या सगळ्या भानगडी तिच्यातूनच निघणार आहेत. इंदूर, सुदामा नगर, तळमजला आणि वर गच्ची. नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, तेही थोडा वेळ. बाकी सगळं बोरिंगवर, म्हणजे बोअरच्या पाण्यावर. धुण्याचं मशीन सेमी-ऑटोमॅटिक, जुनं पण धडधाकट. घरात आम्ही दोघं, आई, आजी आणि सव्वादोन महिन्यांची चिमी. तिचं वजन पाच किलोला थोडं कमी. रोज सकाळी मालिशवाली बाई येते. धुणं माझ्याकडे, कारण मी घरून काम करतो आणि प्राजक्ताने सुरुवातीलाच सांगून टाकलंय, "कापडी डायपर आणायचे तर आण, पण धुणार तू."

सध्या दिवसाला आठ-नऊ डायपर लागतात, एकाचे साधारण दहा रुपये. इंदूरमध्ये वापरलेला डायपर ओल्या कचऱ्यातही चालत नाही आणि सुक्यातही नाही. कचरागाडीला सॅनिटरीचा वेगळा डबा असतो. त्यामुळे आपण रोज किती टाकतो ते झाकून राहत नाही, फुगलेली पिशवी हातात धरून गाडीपर्यंत जावं लागतं.

हा ढीग कमी करायला उमेदवार तीन. 'बांबू'चे म्हणून मिळणारे, वापरून फेकायचे डायपर. कापडी पॉकेट डायपर. आणि आजीचे लंगोट. आजीच्या मते यात ठरवण्यासारखं काही नाहीच.

९ एप्रिल

गच्चीवर वर्तमानपत्र पसरून दोन डायपर कापले. एक नेहमीचा दहा रुपयांचा, एक 'बांबू'चा अठरा रुपयांचा.

दोन्हींच्या पोटात एकच माल निघाला: लाकडाचा मऊ लगदा आणि त्यात साखरेएवढे पांढरे दाणे. हे दाणे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे. पाणी ओतलं की जेली होते. साध्या पाण्यात भरमसाट फुगतात, मीठ घातलेल्या पाण्यात कितीतरी कमी. लघवीत क्षार असतात, म्हणून डायपरवर नळाचं पाणी ओतून 'बघा किती पितो' असं कुणी दाखवलं तर त्यावर जाऊ नका.

मग प्रत्येक थराचा तुकडा चिमट्यात धरून काडी लावली. ही चाचणी कापडबाजारात सगळे करतात. सुती किंवा व्हिस्कोस असेल तर कागदासारखं जळून राख होते, प्लास्टिक असेल तर वितळून टणक मणी होतो. 'बांबू'वाल्याचा अंगाला लागणारा थर राख झाला, म्हणजे तेवढं खरं. (बांबू म्हणजे तरी काय, बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेला धागा, म्हणजे व्हिस्कोसच.) मधला पातळ थर, बाहेरचा थर, कमरेचा पट्टा, मांडीचं इलॅस्टिक, या सगळ्यांचे मणी झाले. आठ रुपये जास्त देऊन एक पापुद्रा बदलून मिळतो.

उरलेल्या पट्ट्या गच्चीवरच्या एका रिकाम्या कुंडीत पुरल्या. शेजारी जुन्या लंगोटाचा तुकडा, तुलनेला. काड्या खोचून खुणा केल्या. पावसाळा संपला की उकरायचं.

११ एप्रिल

आणखी एक पाकीट पाहिलं, त्यावर 'कंपोस्टेबल' लिहिलेलं. घ्यावं का यावर बराच विचार केला आणि सोडून दिलं. कारण साधं आहे. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकचं आयएसओ १७०८८ हे मानक मोठ्या कंपोस्ट प्रकल्पासाठी आहे, जिथे ढिगातली उष्णता महिनोन्‌महिने टिकवतात. आपल्या कुंडीसाठी ते नाही. आणि इंदूरमध्ये ओला कचरा जातो देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात. २०२२ पासून चालू आहे, सुरू झाला तेव्हा रोजची क्षमता ५५० टन. पण तिथे जातात भाजीची देठं आणि उरलेलं अन्न. डायपर ओल्याच्या डब्यात कुणी टाकूच देणार नाही, त्याच्यावर काहीही छापलेलं असो. गाडीवाल्या भैयाला विचारलं तर म्हणाला, "सेनेटरी में डालो, ये सब जलने जाता है." जाळायलाच जाणार असेल तर कंपोस्टेबलचे जास्तीचे पैसे कशाला?

जाता जाता: २०१६ च्या घनकचरा नियमांत डायपर बनवणाऱ्यांनी पाकिटासोबत गुंडाळायला पिशवी द्यावी असं होतं. आम्ही आणलेल्या एकाही पाकिटात ती नव्हती. वर्तमानपत्रात गुंडाळतो.

फेकायचे 'हिरवे' डायपर यादीतून बाद.

१९ एप्रिल

चार पॉकेट डायपर आले, एकाचे साडेचारशे. बाहेरून पीयूएल, म्हणजे आतून पातळ प्लास्टिकचा लेप दिलेलं कापड. आत कोरडं राहणारं अस्तर. मधल्या खिशात घालायच्या पट्ट्या, म्हणजे इन्सर्ट. दोन प्रकारचे मागवले: मायक्रोफायबर आणि सुती.

सुती इन्सर्ट आल्या आल्या वापरायचा नाही. नव्या कापसात नैसर्गिक तेल आणि मेण असतं, पाणी वरून घरंगळतं. पाच-सहा वेळा धुऊन वाळवल्यावर तो प्यायला लागतो. हे पाकिटावर बारीक अक्षरात होतं. आईने न वाचताच सांगितलं, "नवा पंचा कधी अंग पुसतो का रे?"

चिमीला घातला. अर्ध्या तासात मांडीतून गळती. बटणं सगळ्यात लहान मापावर लावली तरी मांडीपाशी बोट जाईल एवढी फट. पाकिटावर 'पाच किलोपासून' लिहिलंय ते याचसाठी. नवजात बाळासाठी 'एकच माप शेवटपर्यंत' हे खरं नाही, मांड्या भरेपर्यंत थांबावं लागतं. तोवर दिवसा आजीचे लंगोट, आत सुती इन्सर्ट, बाहेर जाताना आणि रात्री विकतचे.

२७ एप्रिल

स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि मोजपेला घेऊन बसलो. इन्सर्ट कोरडा तोलायचा, ताटात ठेवून हळूहळू पाणी ओतायचं, मग तळहाताने दाबून पुन्हा तोलायचा. दाबणं महत्त्वाचं, कारण बाळ त्यावर बसतं.

मायक्रोफायबर पहिल्या फेरीत बाजी मारतो. झटकन पितो, दीडशे मिलिलिटरच्या आसपास. दाबला की त्यातला चांगला मोठा हिस्सा ताटात परत. मांडीवर घेतल्यावर किंवा कारच्या सीटमध्ये बसवल्यावर जी गळती होते ती हीच. शिवाय तो थेट अंगाला लावायचा नाही, त्वचेतला ओलावाही ओढून घेतो. सुती हळू पितो, पण प्यायलेलं धरून ठेवतो. दोन्ही एकत्र घालायचे असतील तर वर मायक्रोफायबर, खाली सुती, आणि दोन्ही खिशाच्या आत. रात्रीसाठी हे जमेलसं वाटतंय. पुढे आणखी मायक्रोफायबर घ्यायचे नाहीत.

६ मे

वास. धुतलेल्या, उन्हात कडक वाळलेल्या इन्सर्टला वास नाही. चिमीने शू केली रे केली की पाच मिनिटांत डोळे झोंबतील असा अमोनिया. आणि जे सुती इन्सर्ट गेल्या आठवड्यात छान पीत होते त्यांच्यावर आता थेंब उभे राहतात. हाताला कापड पापडासारखं लागतं.

पहिला संशय पावडरीवर गेला, म्हणून पावडर वाढवली. आणखी बिघडलं. मग प्राजक्ता म्हणाली की केसही हल्ली असेच होतात, बोरिंगच्या पाण्याने धुतले की. तेव्हा दोन बाटल्या घेतल्या, एकीत बोरिंगचं, एकीत नर्मदेचं पाणी. दोन्हींत अंगाच्या साबणाचा किस टाकून खळखळून हलवलं. (पावडरने ही चाचणी करू नका, तिच्यात पाणी मऊ करणारे घटक आधीच असतात.) नर्मदेच्या बाटलीत वरपर्यंत फेस. बोरिंगच्या बाटलीत फेस जेमतेम, आणि पाणी दुधाळ होऊन वर साय धरलेली.

म्हणजे भानगड ही आहे: बोरिंगच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबण-पावडरला धरून बसतं. कपड्याचा मळ निघत नाही, उलट साबणाची साय आणि क्षार धाग्यांत अडकतात. शर्टाला याने फार फरक पडत नाही, कारण शर्टाला पाणी प्यायचं नसतं. पावडर वाढवणं म्हणजे अडकणारा माल वाढवणं.

१० मे

सगळा जुना थर काढायचा कार्यक्रम. त्यासाठी नर्मदेचं पाणी येण्याच्या दिवसाची वाट पाहिली आणि मशीनचा टब त्याच पाण्याने भरला.

किराणा दुकानातून धुण्याचा सोडा आणला. पहिल्यांदा पोराने खाण्याचा दिला, तो परत केला. दोन्ही पांढरी पूड, पण खाण्याचा सोडा या कामाला फार दुबळा. टबभर गरम पाण्यात तीन मोठे चमचे सोडा, थोडी पावडर, आणि फक्त इन्सर्ट. रात्रभर नाही, चारेक तास. सोड्याला रबरी हातमोजे घाला, माझी बोटं दोन दिवस सोलल्यासारखी होती. पीयूएलची कव्हरं यात अजिबात घालायची नाहीत. फार गरम पाण्याने लेप सुटतो आणि मग ते नुसतं कापड राहतं.

पाणी चहासारखं झालं. मग फेस येणं थांबेपर्यंत खळबळणं. यातच नर्मदेचं दिवसभराचं पाणी संपलं, घरात बोलणी खाल्ली. पण वास गेला आणि इन्सर्ट पुन्हा प्यायला लागले.

आता रोजचा क्रम असा: मुरलेली शू काढायला पहिलं खळबळणं बोरिंगच्या पाण्याने. मुख्य धुणं नर्मदेच्या पाण्याने. शेवटचं खळबळणंही नर्मदेच्याच. हे शेवटचं आधी मी बोरिंगने करत होतो, पाणी वाचवायला, आणि धुतलेल्या कापडावर क्षार पुन्हा चढवत होतो. नर्मदेचं पाणी नसलेल्या दिवशी धुवायचं झालं तर मुख्य धुण्यात एक चमचा सोडा. कपडे मऊ करणारं सुगंधी औषध घालायचं नाही, ते धाग्यावर थर चढवतं. जंतुनाशक औषधाचीही रोज गरज नाही, इलॅस्टिकची वाट लागते.

१८ मे

वास नाही, तरी दोन-तीन इन्सर्ट पुन्हा पाणी झटकायला लागले. सगळे नाही, हेच विचित्र. शेवटी आईच्या लक्षात आलं: हे सकाळचे आहेत. मालिश, आंघोळ, की लगेच डायपर. तीळतेल जिरायच्या आत कापडाला लागतं आणि तेलाला पाणी चिकटत नाही.

यावर पावडर चालली नाही. भांडी घासायच्या साबणाने ते इन्सर्ट हाताने चोळले, गरम पाण्यात दोनदा खळबळले, सुटले. मालिशवाल्या बाईला कमी तेल लावा म्हणून सांगून पाहिलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की विषय तिथेच मिटला. म्हणून आंघोळीनंतर पहिला तासभर नुसता जुना लंगोट. तो तेलकट झाला तरी बिघडत नाही. रॅशच्या क्रीमचंही असंच होतं. क्रीम लावलं असेल तर मध्ये मलमलचा एक तुकडा घालायचा.

२९ मे

चिमीच्या मांड्या भरल्या, कव्हरं आता नीट बसतात. पण चार पॉकेट पुरत नाहीत आणि आणखी घ्यायला पैसे मोजवत नाहीत. खिशातून ओला इन्सर्ट ओढून काढण्याचाही कंटाळा आलाय.

आजीने तिच्या ट्रंकेतून आजोबांचं जुनं धोतर काढून दिलं. त्याचा चौकोन फाडला, घडी घातली, पॉकेटच्या आत न भरता कव्हरवर नुसता ठेवला. दोन तास टिकला. मोजून पाहिलं, घडी घातलेलं धोतर विकतच्या इन्सर्टइतकंच पितं.

तडक एमटी क्लॉथ मार्केटला गेलो. महाराजा तुकोजीराव मार्केटात मलमल मागितली की दुकानदार आधी 'दुपट्टे के लिए?' विचारतो आणि पॉलिस्टर मिसळलेली दाखवतो. काडीची चाचणी इथे उपयोगी पडली, त्यानेच करून दाखवली. शुद्ध सुती, जरा जाड विणीची, सत्तर रुपये मीटर, दहा मीटर घेतली. धुतल्यावर आटते म्हणून आधी अख्खी धुऊन मग कापायची. जवळपास मीटरभराचे चौकोन केले, कडा कॉलनीतल्या पिको-फॉलवालीकडून ओव्हरलॉक करून घेतल्या, नगाला पाच रुपये. कडा न शिवता वापरून पाहिल्या होत्या. दोन धुण्यांत दोरे सुटून मशीनच्या पंख्यात गुंता.

७ जून

मलमलच्या चौकोनाची लांबट घडी, पुढे जास्त थर, कव्हरवर ठेवायची, कव्हर बंद. पिन लागत नाही. शू झाली तर घडी बदलायची, कव्हर पुसून पुन्हा तेच. त्यामुळे कव्हरं कमी लागतात. आमच्या चार पॉकेटचीच आता कव्हरं झाली आहेत. आतलं अस्तर ओलं राहतं, म्हणून अस्तर नसलेली दोन साधी कव्हरं आणखी मागवली, एकाचे तीनशे. नव्याने सुरू करणाऱ्याने पहिल्यापासून साधी कव्हरंच घ्यावीत, पॉकेट नकोत.

२ जुलै

पाऊस. उद्योगाचा खरा कस इथे लागला. मे महिन्यात गच्चीवर तासाभरात वाळणारे चौकोन आता संध्याकाळपर्यंत दमट. सुती इन्सर्ट दोन दिवस वाळत नाहीत, शिवणीपाशी तर तिसऱ्या दिवशीही गार लागतात आणि कुबट वास धरतात. खोलीत दोऱ्या बांधल्या, पंखा चालू, चालताना डोकं लंगोटात.

जे थर शिवून एकत्र केलेत ते वाळत नाहीत. जे उलगडून एकेरी होतात ते वाळतात. कापड किती पितं याच्याइतकंच ते किती उलगडतं याला महत्त्व आहे, आणि हे कुठल्याही पाकिटावर लिहिलेलं नसतं. आजीचा लंगोट एकेरी का असतो ते आता कळलं. शिवलेले सगळे इन्सर्ट सप्टेंबरपर्यंत कपाटात.

आजीचा उपाय शेगडीचा: वर वेताची टोपली पालथी, तिच्यावर लंगोट, खाली निखारे, थोडा ओवा. पूर्वी वाडा होता, दारं-खिडक्यांतून वारा खेळायचा. आमच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला बोलावणं. आजीला हे सांगताना जरा वाद झाला. तडजोड अशी: ऐंशी टक्के वाळलेल्या मलमलवर इस्त्री फिरवायची. फक्त मलमलवर, कव्हरला इस्त्री लागली की संपलं.

भिजवणीची बादलीही बंद केली. आई वापरलेले लंगोट पाण्यात टाकून ठेवायची. या दिवसांत साठलेलं पाणी म्हणजे डास, आणि दोन-तीन महिन्यांत चिमी रांगायला लागेल. उघडी, कोरडी बादली. त्यात पिळलेले लंगोट. झाकण लावलं तर वास जास्त येतो, उघडं ठेवलं तर कमी. पटत नाही, पण तसंच आहे.

१६ जुलै

लाल पुरळ, घडीच्या खाचांत, कडेला बारीक ठिपके. डॉक्टर म्हणाले बुरशी आहे, दमट हवेत होते. औषध दिलं आणि दिवसातून जेवढा वेळ जमेल तेवढा उघडं ठेवायला सांगितलं. प्राजक्ताचं म्हणणं, दमट राहिलेले लंगोट घातले म्हणून झालं. बरोबर असणार. अर्धवट वाळलेलं कापड 'वाळलंच आहे जवळजवळ, घालू' म्हणून घालायचं नाही, हा नियम भिंतीवर लिहून लावलाय.

बरं होईपर्यंत सरळ विकतचे डायपर, दर दोन तासांनी बदलून. यात कसलाही कमीपणा नाही. बाळाच्या कातडीवर पर्यावरणाचे प्रयोग करायचे नसतात. सगळे लंगोट सोड्याच्या गरम पाण्यातून काढले, ऊन पडलं त्या एका दुपारी गच्चीवर अंथरले.

३ ऑगस्ट

उष्टावण झालं आणि धुण्याचं स्वरूप बदललं. नुसत्या अंगावरच्या दुधावर असताना बाळाची शी पाण्यात विरघळते, लंगोट सरळ मशीनमध्ये गेला तरी चालतं. भात-वरण सुरू झाल्यावर तसं नाही. संडासात धरून जेट स्प्रेने उडवायची, मग गार पाण्यातून काढायचं. गरम पाणी आधी घातलं तर डाग पक्का होतो. जेटचा जोर जास्त असेल तर कपडे आपल्याला बदलावे लागतात.

विकतच्या डायपरमधली शीसुद्धा संडासातच टाकायची असते, पण तेवढं कोण करतं.

१० ऑगस्ट

मेहुणा आला होता. दोऱ्या बघून म्हणाला, "दाजी, वाचवताय काय आणि घालवताय काय? पाणी बघा किती लागतं."

प्रश्न खोटा नाही. आमच्या एका धुण्याला सहा-सात बादल्या लागतात, आणि इंदूरला नर्मदेचं पाणी फुकट येत नाही. नर्मदाकाठच्या जलूदहून साधारण ७० किलोमीटर, तेही घाट चढवून पंपाने आणलेलं. प्रत्येक बादलीत वीज आधीच खर्च झालेली आहे. म्हणून आकडे शोधले. ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २००८ साली हिशेब मांडला होता: अडीच वर्षांच्या वापरात फेकायच्या डायपरचे सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन, कापडीचे सरासरी ५७०. म्हणजे कापडी थोडे मागेच. पण भरलेलं मशीन लावलं, दोरीवर वाळवलं आणि तेच दुसऱ्या बाळाला वापरलं तर कापडीचा आकडा सुमारे ४० टक्क्यांनी खाली येतो. वाळवणीचं यंत्र लावलं तर वर जातो. त्याच देशाच्या २०२३ च्या सरकारी अहवालात कापडी डायपर सुमारे २५ टक्क्यांनी सरस ठरले.

दोरी आपल्याकडे आहेच. माझ्या हातात उरलं ते मशीन भरून लावणं. आता रोज धुवत नाही, एक दिवसाआड धुतो, नर्मदेच्या दिवशी, चिमीच्या झबल्या-दुपट्यांसकट. शेवटच्या खळबळीचं पाणी संडासाच्या बादलीत. मेहुण्याला हे सगळं ऐकवलं तोवर तो पोहे संपवून निघाला होता.

२४ ऑगस्ट

आजी चिमीला झोपेतून उठल्या उठल्या आणि दूध प्यायल्यावर दोन पायांवर धरून 'शूऽऽ' करते. मी याकडे आजीची हौस म्हणून बघत होतो. पण ती देवासला आत्याकडे गेली तेव्हा दोरीवरचे लंगोट एकदम वाढले, दिवसाला तीन-चार जास्त. आली की पुन्हा कमी. आमच्या या सगळ्या खटाटोपात सर्वांत स्वस्त आणि पर्यावरणाला सर्वांत कमी ताप देणारी गोष्ट तीच करत होती. मीही आता सकाळी धरतो. माझ्या पायांवर चिमी फक्त हसते.

१४ सप्टेंबर

कुंडी उकरली. लंगोटाचा तुकडा सापडलाच नाही, दोन-चार धागे मातीत. 'बांबू'चा वरचा थर जवळजवळ गेलेला, लगदाही गेलेला. बाकी जिथल्या तिथे: बाहेरचा पापुद्रा, पट्टा, इलॅस्टिक धुऊन परत वापरावं इतकं शाबूत, आणि मातीत मिसळलेले जेलीचे गोळे. दोन्ही डायपरमध्ये डोळ्यांना दिसण्यासारखा फरक वरच्या थराचाच. ती माती चाळून प्लास्टिक वेचलं आणि गाडीच्या डब्यात दिलं. कुंडी कढीपत्त्याला द्यायचा विचार होता, आईने नको म्हटलं.

५ ऑक्टोबर

बडोद्याच्या आतेबहिणीने तिच्या मुलाची सहा कव्हरं पाठवली, फुकट. लेप शाबूत, पण मांडीचं इलॅस्टिक मेलेलं, ओढलं की ओढलेलंच राहतं. पिको-फॉलवालीला दिलं. तिने पहिल्या कव्हरवर नवं इलॅस्टिक सरळ वरून शिवून टाकलं. सुईची भोकं लेपाच्या आरपार, शिवणीतून थेंब झिरपतात, ते कव्हर गेलं. बाकीच्यांची कडेची नेफ्यासारखी पट्टी एका टोकाला उसवली, जुनं इलॅस्टिक काढून नवं आत ओवलं, फक्त दोन टोकं शिवली. वीस रुपये कव्हराला. पाचही उत्तम चालताहेत. जुनी कव्हरं कुणी देत असेल तर खुशाल घ्या: आतला लेप उजेडात धरून बघा, सुटून फुगे आले असतील तर नको म्हणा, इलॅस्टिकची काळजी करू नका.

हिशेब. पॉकेट अठराशे. साधी कव्हरं सहाशे. मलमल आणि कडा साडेसातशेच्या घरात. सुट्या इन्सर्टना पाचशे गेले, ते वाया धरतो. सोडा, दोऱ्या, चिमटे, इलॅस्टिक मिळून तीनशे. एकूण चार हजारांच्या आत. आधी विकतच्या डायपरना महिन्याला अडीच हजारांच्या आसपास जात होते, आता पाचशे-सहाशे. माझा वेळ एक दिवसाआड पाऊण तास, पावसाळ्यात दीड.

२ नोव्हेंबर

चालू व्यवस्था: दिवसा मलमल आणि कव्हर. सकाळी मालिशनंतर साधा लंगोट. प्रवासात आणि रात्री विकतचा एक डायपर, दहा रुपयांचाच. रात्री मायक्रोफायबर-सुतीची जोडी लावून पाहिली, पहाटे चारला गळते; सुतीचे दोन थर घातले तर पाय जवळ येत नाहीत आणि चिमी कुशीवर वळत नाही. रात्रीच्या झोपेवर घरात कुणाचीच तडजोडीची तयारी नाही, माझी तर नाहीच.

थंडी सुरू झाली आहे, शू वाढलीय, कापड मात्र उन्हात झटपट वाळतं. आता ती उभी राहायला धडपडते, त्यामुळे झोपवून घडी लावणं जमेनासं झालंय. पुढचं काम: मलमलच्या मधल्या पट्टीवर एक जास्तीचा थर फक्त एका कडेने शिवायचा, म्हणजे उभ्यानेही घडी सरकणार नाही आणि वाळताना तो उलगडून पडेल. दोन नमुने पिको-फॉलवालीकडे दिलेत, गुरुवारी मिळतील.